नवा मासा टाकीत सोडण्यापूर्वी

बाजारातून घेतलेला बैल घरी आणल्यावर तो थेट गोठ्यात न बांधता काही दिवस आंब्याखाली वेगळा बांधण्याची रीत आपल्याकडील जाणत्या शेतकऱ्यांत फार जुनी आहे. त्याची दावण वेगळी, पाण्याची बादली वेगळी, आणि घरच्या जनावरांचे चारापाणी उरकल्यावरच त्याच्याकडे जावयाचे, हे शिकविण्यासाठी कोणा अधिकाऱ्याची आवश्यकता कधी पडली नाही. २०२२ साली लम्पी चर्मरोगाची साथ आली व राज्यातील जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, तेव्हा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांबरोबर गावोगावच्या सभांतून मीही हेच सांगत होते. अशा व्यक्तीने पुढच्याच वर्षी स्वतःच्या घरातील समुद्री माशांच्या टाकीत नवा मासा आणल्या दिवशीच सोडावा, हे लिहिताना संकोच वाटतो. परंतु ते सांगितल्यावाचून पुढील मजकुरास अर्थ येणार नाही.

शेतीविषयक पत्रिकेत काचेच्या टाकीतील शोभेच्या माशांचा विषय कशासाठी, असेही काही वाचक विचारतील. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसदारी शोभेचे मासे वाढविण्याच्या घटकांचा समावेश करण्यात आला, व त्यांत गोड्या पाण्यातील माशांबरोबर समुद्री मासेही आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन माशांची पैदास हौदात करून दाखविल्यापासून प्रत्येक मासा प्रवाळांतूनच पकडून आणला पाहिजे, अशी स्थिती राहिलेली नाही. किनारपट्टीवरील काही तरुण या व्यवसायाकडे आशेने पाहत आहेत आणि आंब्या-काजूची चौकशी करण्यास कार्यालयात आले असता जाता जाता त्याविषयीही विचारतात. मी कृषिशास्त्राची पदवीधर आहे, मत्स्यशास्त्राची नव्हे. तथापि रोग बाहेरून कसा येतो व तो वेशीवर कसा अडवावा, हा विषय पिकांचा, जनावरांचा व माशांचा एकच आहे.

माझ्या घरातील टाकी सुमारे अडीचशे लिटरची. तीत दोन क्लाउन, दोन डॅमसेल व एक लहान गोबी असे पाच मासे तीन वर्षे सुखाने नांदत होते. घरातील मुलीने प्रत्येकाचे नामकरण केलेले होते. सहावा म्हणून मी फिकट निळ्या रंगाचा, पिवळ्या पाठपराचा सर्जन मासा आणला. विक्रेत्याने तो पंधरा दिवस आपल्याकडे खातापिता असल्याचे सांगितले, आणि ते खरेही असावे. मासा तेजस्वी होता, दिलेले खाणे झडप घालून खात होता. चौथ्या दिवशी त्याच्या परांवर रव्याच्या कणांएवढे दोन-तीन पांढरे ठिपके दिसले. विक्रेत्याने लसणीच्या रसात भिजविलेले खाणे देण्यास सांगितले, ते मी दिले. सातव्या दिवशी ठिपके नाहीसे झाले आणि लसणीचा गुण आला असे मी समजले. पंधराव्या दिवशी सहाही मासे ठिपक्यांनी भरलेले होते व पंपाच्या झोतापुढे उभे राहून धापा टाकीत होते. एकविसाव्या दिवशी एक क्लाउन तेवढा उरला.

त्या विक्रेत्यावर मी पुष्कळ दिवस रागावलेली होते. पुढे हा रोग समजून घेतल्यावर ध्यानात आले की तो खोटे बोलला नव्हता. पंधरा दिवस मासा त्याच्याकडे होताच. प्रश्न एवढाच की त्या पंधरा दिवसांत त्याच पाण्यात आणखी काय काय आले. अनेक दुकानांतून तीस-चाळीस काचपेट्या दिसावयास वेगळ्या असतात, परंतु सर्वांचे पाणी खालच्या एकाच हौदात उतरून, गाळले जाऊन पुन्हा सर्वांत फिरत असते. म्हणजे पेट्या चाळीस असल्या तरी गोठा एकच. दर आठवड्यास नवा माल त्या गोठ्यात येतो. अशा ठिकाणी माशाने पंधरा दिवस काढले काय किंवा दोन महिने काढले काय, रोगाच्या दृष्टीने काल आलेल्या माशाइतकाच तो नवा आहे. माझे म्हणणे थोडक्यात हे की विलगीकरणाचे दिवस माशाचे मोजावयाचे नसून पाण्याचे मोजावयाचे असतात. शेवटची ओली वस्तू ज्या दिवशी त्या पाण्यात आली, तो पहिला दिवस. विसाव्या दिवशी दुसरा मासा आणून तेथेच सोडला तर मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, व ती आधीच्या माशालाही लागू पडते. कुक्कुटपालकांना हे नवीन नाही. सर्व पिले एकदम आत व सर्व पक्षी एकदम बाहेर, हा त्यांचा नियम याच कारणासाठी आहे.

आता या रोगाचे पंचांग पाहू. ठिपके उत्पन्न करणारा जीव क्रिप्टोकॅरिऑन या नावाचा एकपेशीय परोपजीवी आहे. (कोळंबीच्या तळ्यांत १९९४-९५ पासून आपल्या देशात हाहाकार करणारा पांढरे ठिपके रोग विषाणूमुळे होतो. नाव सारखे असले तरी या रोगाशी त्याचा संबंध नाही.) हा जीव माशाच्या कातडीत व कल्ल्यांत शिरून साधारणतः तीन ते सात दिवस तेथे पोसला जातो. पोट भरल्यावर तो आपण होऊनच मासा सोडतो, बहुधा काळोखात, आणि तळाच्या वाळूवर वा दगडावर चिकटून स्वतःभोवती कवच करतो. ठिपके नाहीसे होतात ते या वेळी. माझ्या लसणीचे यश एवढेच होते. कवचाच्या आत त्या एकाचे शेकड्यांनी विभाजन होते, आणि काही दिवसांनी कवच फोडून बाहेर पडलेली पिलावळ पोहत पोहत नवा मासा शोधते. एक-दोन दिवसांत तो न मिळाल्यास ती मरते. समुद्रात ती बहुतेक मरतेच, कारण तेथे मासा दूर निघून गेलेला असतो. काचेच्या टाकीत त्याला जावयास जागा नाही. प्रवाळांत आयुष्यभर दोन-चार ठिपके अंगावर वागविणारा मासा टाकीत तीन आठवड्यांत मरतो याचे कारण रोगाचा जोर वाढला हे नसून जागा आटली, हे आहे.

कवच फुटण्यास लागणारा काळ मात्र सर्वांचा सारखा नसतो. काही कवचे तीन दिवसांत फुटतात, बहुतेक चार आठवड्यांच्या आत, आणि एखादे ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. शेतात तणाचे सर्वच बी एका पावसात उगवत नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणून एकदा टाकीत रोग शिरला की सर्व मासे बाहेर काढून ती टाकी माशांवाचून पडीक ठेवावी लागते, व समुद्री मासे पाळणारे त्यासाठी ७६ दिवसांचा आकडा धरतात. माझी टाकी मी ७६ दिवस तशी ठेवली. दिवे लागत, पंप चाले, आणि आत दगड व दोन खेकडे.

यावरून दुसरी एक गोष्ट निघते. नवा मासा निरोगी दिसतो, याला पुरावा म्हणून काही किंमत नाही. पूर्वी या रोगातून उठलेल्या माशास काही महिने थोडीफार प्रतिकारशक्ती असते, आणि अशा माशाच्या कल्ल्यांत दोन-चार जीव आपल्याला न दिसता राहू शकतात. तो स्वतः टुकटुकीत असतो व इतरांना रोग देतो. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ साली कोईमतूर भागात दिसला आणि दोन वर्षांत महाराष्ट्रातील बागांपर्यंत आला, तेव्हा रोपे उचलणाऱ्या कोणीही जाणूनबुजून कीड उचलली नव्हती. पान उलटे करून पाहण्याची सवय नव्हती, इतकेच. माशाचा कल्ला तर तसा उलटून पाहताही येत नाही.

विलगीकरणासाठी मोठा खर्च येतो हा समज चुकीचा आहे. साठ-सत्तर लिटरची साधी काचेची टाकी, वर झाकण, हवा सोडणारा लहान पंप, त्यावर चालणारी स्पंजची गाळणी, आणि माशाला लपण्यासाठी ठिबक किंवा नळकामातून उरलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे, एवढ्यात काम भागते. तळाशी वाळू घालू नये व दगड ठेवू नयेत. ही टाकी शक्य तर दुसऱ्या खोलीत असावी, कारण पाण्याच्या उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबरही काही रोगजंतू जवळच्या टाकीत जाऊ शकतात. जाळी, बादली व नळी वेगळी ठेवावी आणि हात आधी जुन्या टाकीत, मग नव्या टाकीत, या क्रमानेच घालावा. माझ्या मेलेल्या सर्जन माशाच्या किमतीत यातील बहुतेक साहित्य आले असते.

ज्यांनी हा प्रयोग करून सोडून दिला ते सांगतात की वेगळ्या टाकीतच मासे मरतात. हा आक्षेप खरा आहे व त्याचे उत्तर कृषिविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील मृदाशास्त्रात आहे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो. जमिनीत युरियापासून झालेल्या अमोनियाचे जिवाणू आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात, तीच क्रिया टाकीतील दगड, वाळू व स्पंज यांवर बसलेले जिवाणू करीत असतात. कोऱ्या टाकीत ते जिवाणू नसतात. त्यातून समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ म्हणजे विम्लधर्मी असल्याने अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यापेक्षा अधिक राहतो. मासा रोगाने मरत नाही, स्वतःच्या मूत्राने मरतो. यास्तव स्पंज निदान चार आठवडे आधी जुन्या टाकीत ठेवून द्यावा, तेथे तो विरजणासारखा तयार होतो. मासा आणावयाच्या दिवशी तो काढून नव्या टाकीत लावावा आणि अमोनियाची तपासणी रोज करावी. हा स्पंज पुन्हा जुन्या टाकीत कधीही जाऊ देऊ नये. म्हणजे विलगीकरणाची तयारी मासा विकत घेतल्यावर नव्हे, एक महिना आधी सुरू होते. उताविळीने घेतलेल्या माशाची ही टाकी कधीच नीट चालत नाही, हा माझा व माझ्या ओळखीच्या तिघांचा अनुभव आहे.

आता उपचाराविषयी. वर सांगितलेल्या पंचांगातच एक बिनऔषधी उपाय दडलेला आहे, व तो मला सर्वांत पसंत आहे. परोपजीवी मासा सोडून कवच करतो आणि ते कवच तीन दिवसांच्या आत सहसा फुटत नाही. तेव्हा कवच फुटण्यापूर्वीच मासा तेथून हलविला तर पिलावळीस यजमान मिळत नाही. दोन टाक्या किंवा दोन मोठी टोपे घ्यावीत, दर तीन दिवसांनी मासा एकीतून दुसरीत नव्या खाऱ्या पाण्यात न्यावा, आणि मागे राहिलेली टाकी, पाइप व जाळी धुऊन खडखडीत वाळवावीत. असे चार वेळा केले की बारा दिवसांत माशावरील सर्व ठिपकेकरी गळून मागे राहिलेले असतात. उन्हात वाळविणे हे येथे औषध आहे, आणि कोकणात जूनपर्यंत त्याला तोटा नाही. पावसाळ्यात मात्र हा उपाय करताना भांडी खरोखरच सुकली आहेत काय, हे पाहावे.

दुसरा उपाय तांब्याचा. सुपारीवरील कोळे रोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारणाऱ्यास मोरचूद परिचित आहे. परंतु येथे हिशोब अगदी वेगळा आहे, आणि तो न समजल्याने मासे जातात. बोर्डो मिश्रणाच्या एका लिटरमध्ये सुमारे अडीच ग्रॅम तांबे असते. माशाच्या टाकीत लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे पुरते, म्हणजे दहा हजार पटींहून अधिक विरळ. साठ लिटरच्या टाकीस लागणारा मोरचूद अर्ध्या रतीपेक्षाही कमी भरतो. चिमटीने घालण्याची ही वस्तू नव्हे. फवारणीचा मोरचूदही वापरू नये. मत्स्यालयासाठी मिळणारे औषध घ्यावे, त्यावरील मात्रा पाळावी, आणि तांबे मोजण्याच्या संचाने रोज तपासून ती पातळी किमान तीन-चार आठवडे टिकवावी. खाली उतरली तर उपयोग नाही, वर चढली तर मासा दगावतो. बोर्डो मिश्रणात चुना तांब्याला बांधून ठेवतो, तसेच प्रवाळांची वाळू व दगड पाण्यातील तांबे ओढून घेतात. टाकीचा तळ उघडा ठेवण्याचे एक कारण हेही आहे. शंख, खेकडे, तारामासे व समुद्रफुले यांना तांबे मारक असल्याने मुख्य टाकीत ते कदापि घालू नये. काही विक्रेते आपल्या पाण्यात तांब्याची हलकी मात्रा सतत ठेवतात. तेवढ्याने रोग मरत नाही, दबून राहतो, आणि आपल्या घरी स्वच्छ पाण्यात मोकळा होतो.

पाण्याचा खारेपणा हजारी ३५ वरून १५-१६ पर्यंत हळूहळू उतरवून तीन आठवडे ठेवण्याची रीतही आहे. ठिपक्यांवर ती बहुधा लागू पडते, परंतु काही वाण त्यास दाद देत नाहीत. मखमल रोग म्हणून ओळखला जाणारा अमायलोऊडिनियम तर अशा पाण्यातही जगतो. हा रोग ठिपक्यांपेक्षा पुष्कळ वेगाने मारतो. माशाच्या अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसू लागते व तो प्रकाश टाळतो, पण बऱ्याचदा धूळ दिसण्याआधीच श्वास वाढून मासा गेलेला असतो. चपटे कृमी ओळखावयाचे झाल्यास मासा त्याच तपमानाच्या व सामूच्या, हवा सोडलेल्या गोड्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवला की कृमी पांढरे पडून गळतात. त्यांची अंडी राहतातच, म्हणून काही दिवसांनी पुन्हा पाहावे लागते.

सर्व धरून माझ्या मते काळ सहा आठवड्यांचा असावा. पहिले बारा दिवस टाकी पालटण्याचे व उरलेले महिनाभर निरीक्षणाचे. रगुसा या बंदराने १३७७ साली साथीच्या भागातून येणाऱ्यांस तीस दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला व पुढे व्हेनिसच्या बोलीतील चाळीस या शब्दावरून या थांबण्यास जगभरचे नाव मिळाले. त्या लोकांना जंतू ठाऊक नव्हते, त्यांनी धर्मातला आकडा घेतला असावा. आपणांस आकडा परोपजीवीच्या आयुष्यातून काढता येतो, आणि गंमत अशी की तो जवळपास चाळीसच येतो.

बलवान माशास रोग होत नाही, चांगले खाणे द्यावे व निर्धास्त राहावे, असे म्हणणारे अनुभवी लोक आहेत. त्यांच्या टाक्या चालतातही. परंतु त्या चालतात त्या जुन्या माशांच्या कमावलेल्या प्रतिकारशक्तीवर, आणि दिवस-दोन दिवस वीज गेली किंवा पाणी तापले की तोच रोग वर येतो. घरच्या छंदात हा धोका कोणी पत्करील तर तो त्याचा प्रश्न. कर्ज काढून दीडशे पेट्या लावणाऱ्या तरुणाने हा सल्ला ऐकू नये. त्याचा हप्ता प्रतिकारशक्ती उत्पन्न होईपर्यंत थांबणार नाही.

म्हणूनच अनुदानातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक घटकाच्या आराखड्यात आवक मालाची स्वतंत्र खोली, स्वतंत्र पाणी व स्वतंत्र जाळी असल्यावाचून त्यास मान्यता देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोळंबीच्या बाबतीत आपण हे करून दाखविले आहे. परदेशातून येणारी पैदाशीची व्हेनामी कोळंबी २००९ पासून चेन्नईजवळील नीलंकरै येथील विलगीकरण केंद्रात ठेवून, तपासून मगच पैदास केंद्रांना दिली जाऊ लागली. शोभेच्या माशाला तेवढी यंत्रणा मिळणार नाही, हे उघड आहे. पण विक्रेत्यास पावतीवर एक ओळ लिहिता येईल: या पाण्यात शेवटचा मासा, दगड किंवा शंख अमुक तारखेस आला.

मी ज्यांच्याकडून हल्ली मासे घेते त्यांना ही विनंती केली तेव्हा ते प्रथम हसले. नंतर त्यांनी पिशवीवरच पेनाने तारीख घालून दिली. ती आदल्या दिवसाची होती. त्या पिशवीतील दोन क्लाउन मासे पाठीमागच्या खोलीत आहेत, त्यांची चारही स्थलांतरे पार पडली असून आज त्यांचा एकोणिसावा दिवस आहे.